४६ म्हणजे कोण?

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जवान मारले गेले. इंग्रजांनी स्मारक उभारलं. त्या काळात त्यांनी भारतातल्या अनेक गावांत शिळा बसवल्या: इथून इतके गेले, त्यातले इतके मेले. कित्येक शिळांवर नाव एकाचंही नाही. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, नुसता काउंट.

‘ते इंग्रजांसाठी लढले, मग हुतात्मा कसले?’ असं मीही कॉलेजात ऐटीत विचारायचो. पण युद्ध कुणाचं, हे त्यांना तरी कुणी विचारलं होतं? साम्राज्याला आकडा पुरतो. घरात तो कुणाचा तरी पणजोबा असतो. त्याचं युद्ध बरोबर की चूक हे ठरेपर्यंत घरच्यांनी त्याचं नाव घ्यायचं थांबवायचं का?