आवाज ओळखीचा, गाणं अनोळखी

विलिस कॉनोव्हर 17 मे 1996 रोजी गेले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या देशात हे नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओवर ते जाझ ऐकवत, आणि त्या रेडिओचे कार्यक्रम अमेरिकेतच ऐकवायला 1948च्या कायद्याने मनाई होती. पण वॉर्सात, मॉस्कोत आणि मुंबईतही शॉर्टवेव्हची खरखर सोसून त्यांचा जाझचा तास ऐकणारे लोक होते. 1955मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची धून वाजायची आणि पाठोपाठ तो खर्जातला आवाज यायचा. इंग्रजी कच्चं असणाऱ्यालाही कळावं म्हणून ते मुद्दाम सावकाश, सोप्या शब्दांत बोलत. शीतयुद्धात अमेरिकी सरकारला या संगीताचा प्रचारासाठी उपयोग होता, हे खरंच. कॉनोव्हर मात्र कार्यक्रमात संगीताबद्दलच बोलत राहिले. श्रोत्यांचं प्रेम त्यांना मिळालं ते यामुळे.

त्याच काळात आपल्याकडे रेडिओची सूत्रं एका मराठी माणसाच्या हाती होती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची खरी निष्ठा होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, आकाशवाणीचा वाद्यवृंद, रेडिओ संगीत संमेलन हे सगळं त्यांच्या कारकिर्दीतलं. तो ठेवा मोठा आहे आणि त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण त्यांच्याच काळात चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. ती ऐकायला श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी 1957मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

केसकर आणि कॉनोव्हर, दोघेही संगीतवेडे. एकाने आपली आवड फर्मानासारखी दिली, दुसऱ्याने पाहुण्याला आत बोलवावं तशी. लोकांच्या आवडीला कमी लेखणारा निवेदक कितीही जाणकार असला, तरी त्याच्या मागे कोणी येत नाही.

हद्दपार झालेल्या त्या गाण्यांत काय होतं, तेही पाहायला हवं. 1951च्या ‘अलबेला’चे नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा गिरणी कामगाराचे चिरंजीव. संगीत रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. त्यांच्याबरोबर ट्रम्पेटवर चिक चॉकलेट, गोव्याचे आंतोनियो शावियेर वाझ, मुंबईतल्या जाझच्या मैफली गाजवलेले. गिरणगावातल्या माणसाच्या पायांना जाझ असं परिचयाचं झालं; नाव ठाऊक नव्हतं एवढंच. पुढे 1978मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकाराने मुंबईत पहिली जाझ यात्रा भरली, सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेले. पण तोवर जाझ हे इंग्रजी बोलणाऱ्यांचं, उंची हॉटेलांतलं संगीत असा समज पक्का झाला होता. हा समज मला मुळीच मान्य नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतांतून आणि बंदरांतून कामासाठी शिकागोकडे निघालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी हे संगीत आपल्याबरोबर नेलं. ते स्थलांतरितांचं संगीत आहे.

म्हणूनच ही सगळी चर्चा करताना मला सुरतेची बमरोली दिसते. शेजारी पांडेसराची औद्योगिक वसाहत, लूमच्या अखंड खडखडाटात बारा-बारा तासांच्या पाळ्या. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्तीकाठच्या रेल्वेने आलेल्या पिढ्या या पट्ट्यात राहिल्या. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी. श्रावणात खानदेशची देवी कानबाई बसते, तिची गाणी बाया रात्रभर म्हणतात. पलीकडच्या खोलीत ओडिशाचा किंवा उत्तर प्रदेशचा कामगार असतो, त्याचीही गाणी असतात. एकमेकांची गाणी कानावर पडतात. पण हे काय आहे, कोण गातंय, कुठून आलं, हे सांगणारं मध्ये कोणी नसतं.

हे काम कम्युनिटी रेडिओचं, म्हणजे परिसरातल्याच लोकांनी चालवलेल्या छोट्या केंद्राचं आहे. 2006च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही असं केंद्र चालवता येतं. 100 वॅटपर्यंतची प्रक्षेपणशक्ती, दहा-एक किलोमीटरचा टापू. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये माणदेशी तरंग वाहिनी 2008पासून बोलते आहे, बाजारभाव आणि आरोग्याइतकंच गावच्या गाण्यांनाही तिथे स्थान आहे. अडचणी आहेतच. पैसा तोकडा, आणि स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. हे बंधन मला अन्यायाचं वाटतं. तरीही संगीतावर बंधन नाही.

मोबाइलवर सगळं मिळतं, मग रेडिओ कशाला, असं विचारतात. मोबाइल काल ऐकलेल्यासारखंच आज पुढे करतो. ज्या गाण्याचं नावच माहीत नाही ते माणूस शोधणार कसं? त्यासाठी रोज ठरल्या वेळी येणारा, विश्वासाचा आवाज लागतो. त्याने कानबाईचं गाणं लावावं, मग ओडिया गाणं, मग एखाद्या दिवशी लुई आर्मस्ट्राँगची ट्रम्पेट. आणि प्रत्येकाचं गाव, प्रत्येकाचं काम सांगावं.

सुरतेतल्या खानदेशी आणि मराठी मंडळांना माझी विनंती आहे: गणपती आणि कानबाईसाठी वर्गणी काढता, तशी एका केंद्रासाठीही काढा, परवान्याचा अर्ज करा. आणि केंद्र उभं राहिलं की आठवड्यातला एक तास अशा माणसाच्या हाती द्या, ज्याला संगीताचं वेड आहे आणि शेजाऱ्यांचाही लळा आहे.