कोंबडीच्या खोक्यातले अंथरूण आणि अहिंसेचा प्रश्न

परसातल्या कोंबडीला अंडे घालण्यासाठी खोके ठेवले की त्यात काय अंथरायचे हे ठरवावे लागते. पाळणाऱ्याला अंडे न फुटलेले आणि न माखलेले हवे असते. कोंबडीला आडोसा हवा असतो, आणि पायांनी उकरून, छातीने दाबून खोलगट करता येईल असे काहीतरी हवे असते. बहुतेक वेळा एकाच अंथरुणाने दोघांचे भागते. जेव्हा भागत नाही तेव्हा कोणाचे हित आधी धरायचे? ज्या जिवाकडून जवळजवळ रोज काहीतरी घेतले जाते, त्याच्या इच्छेला नैतिक वजन किती? प्रश्न खुराड्यातला असला तरी त्याचे मूळ अहिंसेच्या विचारात आहे.

बारामती तालुक्यातल्या सांगवीसारख्या नीराकाठच्या गावात अंथरुणाला तोटा नसतो. ऊस तुटून गेला की शेतात पाचट उरते. गव्हाचे काड, भुस्कट, ज्वारीच्या कडब्याची कुट्टी घरचीच असते. भाताचे तूस आणि रंध्याचा भुसा विकत मिळतो. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात बगॅस, म्हणजे उसाचा चोथाही दिसतो. गव्हाचे काड लवचीक असते, वाकते आणि आकार धरून ठेवते, म्हणून खोक्यासाठी ते उत्तम. तूस मात्र कोंबडी उकरू लागली की बाजूला सरकते आणि अंडे फळीवर येते. त्यामुळे खुराड्याच्या जमिनीवरच्या गादीसाठी तूस योग्य, खोक्यात ते काडाच्या खाली घालावे. पाचटाच्या पात्याला धार असते. पूर्ण वाळवून, कुट्टी करून वापरले तर ते चालते. बगॅस मऊ असते, पण त्यात साखरेचा अंश राहतो आणि ओल लागताच बुरशी धरते. बुरशीच्या बगॅसची धूळ श्वासात जाऊन कामगारांना होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बगॅसोसिस असे नावच आहे. कोंबडीची फुप्फुसेही बुरशीला लवकर बळी पडतात. गोणपाटाच्या धाग्यात नखे अडकतात, वर्तमानपत्राचा कागद निसरडा होतो.

स्वच्छतेचे कारण अंड्याच्या घडणीत आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नुकतेच घातलेले अंडे उबदार आणि ओलसर असते, त्यावरचे संरक्षक आवरण वाळायला काही मिनिटे लागतात. अंडे थंड होताना आतला भाग आकसतो आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेरचे आत ओढले जाते. त्या क्षणी खाली विष्ठा असेल तर नंतर कितीही पुसले तरी उपयोग होत नाही. इथपर्यंत पाळणाऱ्याचे हित आणि कोंबडीचे हित एकाच दिशेने जातात.

पुढे वाटा फुटतात. अंडे स्वच्छ ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अंथरूण काढून टाकणे आणि उतरत्या जाळीवर अंडे घरंगळू देणे. पिंजऱ्यातले अंडी-उत्पादन याच तत्त्वावर चालते. अशा पिंजऱ्यात अंडे घालण्याची वेळ जवळ आली की कोंबडी अस्वस्थ होऊन येरझारा घालते, हे संशोधकांनी वारंवार नोंदवले आहे. घरटे शोधण्याची ओढ आदल्या दिवशीच्या बीजोत्सर्गाशी जोडलेल्या संप्रेरकांतून येते, ती परिस्थिती पाहून थांबत नाही. खोक्यापर्यंत पोहोचण्यासाठी कोंबड्या जड दार ढकलतात असेही प्रयोगांत दिसले. याहून महत्त्वाचा प्रयोग ह्यूज, डंकन आणि ब्राउन यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केला. कोंबड्यांना आधीच आकार दिलेले तयार घरटे दिले, तरी त्यांनी घरटे करण्याची सगळी खटपट पुन्हा केली.

या निष्कर्षाचा तात्त्विक अर्थ मोठा आहे. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने 1789 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्राण्यांविषयी मुख्य प्रश्न मांडला तो वेदनेचा: त्यांना दुःख होते की नाही? त्या कसोटीवर मऊ रबरी चटई पुरेशी ठरेल, कारण ती टोचत नाही. परंतु कोंबडीचे भले तिला मिळणाऱ्या जागेत जितके आहे तितकेच ती जागा घडवण्यातही आहे. म्हणजे दुःख न देणे ही किमान पायरी झाली. ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे जगायला वाव देणे ही त्यापुढची. काडाची पेंढी स्वस्त आहे, पण त्या काडात कोंबडीला करण्यासारखे काम आहे आणि चटईत ते नाही.

मराठी परंपरेत या विचाराला भक्कम आधार सापडतो. लीळाचरित्रात शिकाऱ्यांपासून पळत आलेल्या सशाला चक्रधरस्वामींनी आश्रय दिल्याची लीळा आहे. तिथे अहिंसा म्हणजे मरणातून सोडवणे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी अहिंसेचे विवेचन विस्ताराने केले आहे आणि तिथे ती चालण्यात, पाहण्यात, बोलण्यात, हाताच्या हालचालीत उतरलेली दिसते. पाऊल टाकताना बारीक जीव दुखावू नये इतकी ती सूक्ष्म आहे. खोक्यातल्या अंथरुणाचा विचार या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यात कोणाचा प्राण वाचत नाही, फक्त हात कसा वागतो ते ठरते. तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवर, याच तालुक्यातल्या काटेवाडीत, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पाळीव जनावर भक्तीच्या वर्तुळाबाहेरचे नाही, हे इथल्या लोकांना वेगळे समजावावे लागत नाही.

तरी एक आक्षेप उरतो आणि तो टाळता येणार नाही. माळकरी किंवा जैन घर म्हणेल की अंडे घ्यायचेच असेल तर खाली काड घालून काय साधले? आक्षेप रास्त आहे. मऊ अंथरूण ही अंड्याची किंमत नव्हे, कारण कोंबडीने तसा सौदा केलेलाच नसतो. पण यातून निघते ते इतकेच की अंथरुणाने घेणे समर्थनीय ठरत नाही. अंथरूण देण्याचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. जे घर अंडी खाते त्याच्यावर ते उलट अधिक येते. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले, त्यात आहाराची अट नाही. युरोपीय संघाने 1999 च्या निर्देशाने घरटे नसलेले उघडे पिंजरे 2012 पासून बंद केले आणि घरट्याच्या तळाशी पक्ष्याला तारेची जाळी लागू नये अशी अट घातली. अंडी खाणाऱ्या समाजांनीच हे केले.

कोंबडीची पसंती अंतिम मानावी का? नाही. ती बुरशीच्या बगॅसमध्येही आनंदाने बसेल, कारण ते मऊ आहे. मूल मागेल ते त्याच्या हिताचेच असते असे नाही, इथेही तसेच. पसंतीला वजन द्यायचे, निकाल मात्र हित पाहून करायचा. खुडूक कोंबडीच्या बाबतीत ही कसोटी कठीण होते. खोल, उबदार अंथरूण आणि साचलेली अंडी यांनी ती खुडूक होण्याला हातभार लागतो, मग अंडी थांबतात. अशा वेळी तिला पाण्यात बुचकळण्याचा जुना उपाय क्रूर आहे आणि सोडून द्यायला हवा. अंडी रोज उचलावीत, काही दिवस तिला खोक्यापासून दूर, हवेशीर जागी ठेवावे, आणि शक्य असेल तेव्हा तिला खरोखरच अंड्यांवर बसवावे. उवा आणि गोचिडींचा प्रश्नही असाच. त्यांनाही जीव आहे, पण त्यांना कोंबडीला छळू देणे ही अहिंसा नव्हे. काड वेळच्या वेळी बदलणे, जुने जाळणे, खोके उन्हात तापवणे, त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, हे विषारी फवारणीच्या आधी करायचे उपाय आहेत.

सांगवीतल्या परसात ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांनी चार-पाच कोंबड्यांमागे एक फूटभर लांबी-रुंदीचे खोके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे, तळाशी थोडे तूस आणि वर चार बोटे कोरडे गव्हाचे काड घालावे, ओले झाले की त्याच दिवशी बदलावे. चटई घालायचीच असेल तर तिच्यावरही काड पसरावे.