खोक्यातली हवा

या. इथे कट्ट्यावर बसा.

भोसरीतल्या एका कारखान्याची ही मागची बाजू. पुढच्या बाजूला काच आहे, नावाची पाटी आहे, कुंडीतली क्रोटनं आहेत. इथे पत्र्याची शेड आहे, एक वजनकाटा आहे आणि हिरव्या रंगाचं एक उंच यंत्र आहे.

आषाढातली दुपार. पाऊस बारीक पडतोय.

पत्र्यावर त्याचा आवाज ऐका.

पाठ भिंतीला टेकवा. हात मांडीवर सैल सोडा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या.

समोर जमिनीवर एक रिकामं खोकं पडलंय.

त्याच्याकडे बघा.

रंग तपकिरी. पावसाळी उजेडात तो गुळाच्या ढेपेसारखा दिसतो. एका बाजूवर दोन बाण छापलेत, शेजारी एक छत्री, एक पेला. ही बाजू वर ठेवा, भिजू देऊ नका, आत नाजूक माल आहे. खोकं आडवं झालंय, त्यामुळे बाण आता भिंतीकडे रोखलेले. त्यांना कुणी काही विचारत नाही.

बघत राहा.

नजर खोक्याच्या कडेवर न्या, जिथे पुठ्ठा कापलेला आहे तिथे. अजून जवळ.

दोन सपाट कागद. त्यांच्या मधे एक नागमोडी कागद.

वर, खाली. वर, खाली.

सगळी जाडी मिळून जेमतेम चार मिलिमीटर. आणि त्यातही कागद थोडा, पोकळीच जास्त.

त्या नागमोडी रेषेवरून नजर सावकाश फिरू द्या. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. घाई नाही. चहा यायला अजून वेळ आहे.

१८५६ साली इंग्लंडमध्ये या चुणीदार कागदाचं पेटंट घेतलं गेलं, ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. मग १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने असाच कागद बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला काढला. आधी डोकं, मग काच. दोन्ही जपायच्या वस्तू.

या लाटा सपाट कागदाला चिकटवलेल्या आहेत त्या खळीने. बहुतेक मक्याची खळ. म्हणून ओल्या दिवसांत पुठ्ठ्याच्या ढिगाजवळ थोडा पिठाचा वास येतो.

वास घ्या.

पीठ. ओलावा. कुठेतरी मागे डिझेल.

आता खोक्याच्या आत बघा. आत काही नाही. सकाळी सुटे भाग होते, ते आत कारखान्यात गेले. उरलीय ती हवा. खोकं विकत घेतलं गेलं ते या हवेसाठीच, म्हणजे तिच्या जागेत काही ठेवता यावं म्हणून.

तुमच्या छातीतही तशीच थोडी जागा आहे.

श्वास आत. जागा भरते.

श्वास बाहेर. जागा रिकामी.

मावशी आल्या.

त्यांनी बसायला पाट घेतलाय, हातात छोटी सुरी. खोकं मांडीशी ओढलं. सुरीचं टोक चिकटपट्टीच्या कोपऱ्याखाली सरकवलं, कोपरा चिमटीत धरला.

ऐका.

चर्रर्र.

पट्टी अखंड निघाली. तिच्या पाठीवर पुठ्ठ्याचा पातळ पापुद्रा चिकटून आलाय. मावशी पट्टीची गोळी करून डाव्या हाताला टाकतात. मग पिना. एकेक पिन सुरीने उचकटून जुन्या डालड्याच्या डब्यात.

टण्.

टण्.

पाऊस, आणि मधे मधे हा टण्.

मग मावशी तळहात पुठ्ठ्यावरून फिरवतात, पोळीवरून तूप फिरवावं इतक्या हलक्या हाताने. कोरडा असेल तर खोकं उजवीकडे जातं, दमट लागला तर मागे, भिंतीजवळ वाळत. ओल्या मालाचं वजन कागद गिरणीत कापलं जातं.

"पाण्याचे पैसे कोण देतंय बाबा," मावशी म्हणतात, कुणालाच उद्देशून नाही.

कँटीनचं एक खोकं आलं, वड्याच्या तेलाने पारदर्शक झालेलं. ते तिसऱ्याच ढिगात. तेल शिरलेला पुठ्ठा गिरणीला नको असतो.

इंग्रजी माहितीपत्रकांत या सगळ्याला भारदस्त नावं असतात. मावशी 'पुठ्ठ्याचं काम' म्हणतात. मला तोच शब्द बरा वाटतो, त्यात हात दिसतात.

त्या हातांकडे बघा. उजव्या अंगठ्याचं नख पट्ट्या सोलून सोलून एका बाजूने झिजलंय.

इथे थांबा.

मन आता हिशेबाकडे धावेल. किलोला भाव काय, दिवसाला माल किती. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांसाठी वेगळी रेघ ओढलेली होती, त्यात हा कारखाना बसला असता का. धावू द्या मनाला. ते दमून परत येईल.

परत या. पावसाकडे. हाताकडे.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी आपली संघटना बांधली, तिच्या नावात आधी तीन वस्तू येतात आणि मग माणसं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. हे नाव मनातल्या मनात म्हणा. प्रत्येक शब्दानंतर एक श्वास सोडा.

कागद.

काच.

पत्रा.

तिसरा शब्द तुमच्या डोक्यावर वाजतोय.

आता यंत्राकडे वळा.

माणसापेक्षा उंच, लोखंडी, कपाटासारखं. आत चौकोनी पोकळी, वर जाड लोखंडी पाटाचा दट्ट्या. यंत्रावरचे दादा मोकळी केलेली खोकी एकावर एक आत टाकतायत. सपाट केलेली, अर्धी उघडी, काही तशीच फुगलेली. पोकळी बघता बघता भरते.

दार लागतं. हिरवं बटण.

मोटर गुणगुणायला लागते. तेलाच्या दाबाने दट्ट्या खाली येतो, सावकाश, बैलगाडी उतारावरून यावी तसा.

त्याच्याबरोबर श्वास सोडा.

खाली.

खाली.

आतून कडकड आवाज येतो. चार बाजू, सहा बाजू, नागमोडी रेषा, सगळ्या एकमेकींवर निजतायत. आणि फटींतून थोडी कोमट हवा बाहेर येते. हात पुढे केला तर तळव्याला लागेल. कुठल्या खोक्यातली कुणास ठाऊक.

यंत्र एवढंच करतं. हवा बाहेर काढतं. माहितीपत्रकात दाबाचे टन छापलेले असतात, ही हवा कुणी मोजत नाही.

दट्ट्या वर जातो.

आता बारकाईने बघा. दाब निघाल्यावर पुठ्ठा हळूच वर यायला बघतो. त्याला अजून खोकं असल्याचं आठवतं. यंत्राच्या आतल्या भिंतींना दाते आहेत, ते त्याला तिथेच धरून ठेवतात.

श्वास आत घ्या. फार खोल नाही. जेवढा आपसूक येतो तेवढाच.

पुन्हा खोकी. पुन्हा दार. पुन्हा दट्ट्या.

श्वास बाहेर.

पुन्हा.

तासाभरात पोकळी खालपासून वरपर्यंत ठासून भरते. दादा मागच्या खाचांतून तारा घालतात, पुढे ओढतात, पीळ देतात. एक, दोन, तीन, चार. दार उघडतं. साखळी ताणली जाते आणि गठ्ठा कलंडून बाहेर येतो, जमिनीवर बसतो.

धप्प.

बसल्यावर तो किंचित फुगतो. तारा ताठ होतात. त्यातली एक बोटाने छेडली तर वाजेल.

२०० किलोंच्या आसपास असेल. अर्ध्या किलोचं एक खोकं धरलं तर चारशे खोकी. काही वेळापूर्वी ही शेड त्यांनी भरली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. आता सगळी मिळून एका दिवाणाखाली मावतील.

गठ्ठ्याच्या बाजूकडे बघा. डोंगराच्या कड्यात थर दिसावेत तसे थर. मधेच अर्धा बाण. छत्रीची मूठ. कुणाच्या तरी पत्त्याचं शेवटचं अक्षर.

पुरे झालं बघणं. डोळे मिटा.

गठ्ठा टेम्पोतून जातो, घाट उतरतो, समुद्राजवळच्या सपाटीवर वापीसारख्या गावी एखाद्या कागद गिरणीत पोचतो. तारा तोडतात. समोर पाण्याने भरलेलं एक प्रचंड भांडं आहे, तळाशी फिरणारं पातं. डेऱ्यात रवी फिरावी तसं ते पाणी घुसळतं.

पुठ्ठा आत पडतो.

खळ विरघळते. लाट सुटते. सपाट कागद सुटतो. बाण, छत्री, पेला, पत्ता, सगळं सुटतं.

मावशींच्या नजरेतून निसटलेली एखादी पट्टी, दोऱ्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या भोवऱ्यात एकमेकींत गुंततात. भांड्यात एक दोर सोडलेला असतो, त्याभोवती त्यांची जाड वेणी होते. ती वेणी गिरणीवाले हळूहळू वर ओढून घेतात. खाली तंतू तरंगत राहतात.

ताकासारखं तपकिरी पाणी.

पुढे ते इतकं पातळ करतात की शंभर भागांत तंतू जेमतेम एक भाग. बाकी पाणीच. धावत्या जाळीवर ते पसरतं. पाणी खाली गळतं, तंतू वर राहतात, एकमेकांचे हात धरतात.

या कागदाला क्राफ्ट म्हणतात. जर्मन शब्द आहे, अर्थ ताकद.

दर फेरीत तंतू थोडे झिजतात, आखूड होतात. पाच ते सात फेऱ्या निघतात म्हणतात. आपण सात श्वास घेऊ या. मोजत, पण जोर न लावता.

एक. तंतू लांब आहे. कुठल्या तरी जंगलातल्या झाडाची उंची अजून त्याच्यात आहे.

दोन. तो खोकं होतो. त्यात औषधाच्या बाटल्या.

तीन. पुन्हा पाणी. पुन्हा जाळी. आता शाळेच्या वह्यांचं खोकं.

चार. थोडा आखूड. त्याच्यावर सफरचंदं बसतात, सिमल्याहून इथवर.

पाच. मधली नागमोडी लाट. बाहेरून आता कुणाला दिसत नाही.

सहा. अंड्यांचा करडा ट्रे. वाटीएवढ्या खळग्यात एक अंडं.

सात. इतका आखूड, की जाळीवर थांबत नाही. पाण्याबरोबर खाली जातो.

त्याला जाऊ द्या.

थोडा वेळ मोजू नका.

डोळे उघडायचे तेव्हा उघडा.

टेम्पो आलाय, उलटा. दादा मागे उभे राहून हात हलवतायत. येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास.

गठ्ठा चढवताना चार माणसं लागतात आणि एकाचंही बोलणं दुसऱ्याला कळत नाही, असा गलका. ताडपत्री घातली, दोरी आवळली. मावशींनी काट्यावरचा आकडा पेन्सिलीने दारामागे लिहिला. त्या दारावर अशा आकड्यांची उतरंड आहे, वरचे आता पुसट.

टेम्पो गेला.

चहा आला. काचेचा ग्लास दोन्ही हातांत धरा. पिऊ नका अजून. ऊब हातांना लागू द्या.

आता जमिनीकडे बघा.

वाऱ्याने पावसाचे तुषार आत आलेत, फरशी सगळी ओली झालीय. गठ्ठा होता तिथे मात्र कोरडा चौकोन राहिलाय. कडा अगदी रेखीव. आत धूळ, एक पिन, पुठ्ठ्याचा एक नागमोडी तुकडा.

मावशी खराटा घेऊन आल्या, चौकोनाशी थबकल्या आणि त्याच्या भोवतीने झाडून गेल्या.

ओल कडेकडेने आत सरकतेय. फार सावकाश. मधे अजून हातभर जागा कोरडी आहे.

बघा.