आज्ञापालन, आत्मपरीक्षण आणि नेतृत्व

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ब्रीद ‘सेवा परमो धर्मः’ असे आहे, आणि सैन्याधिकारी घडविणाऱ्या संस्थेने अधिकाराऐवजी सेवेला परम धर्म मानावे, यातच एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे: इतरांना आज्ञा देण्याचा नैतिक अधिकार माणसाला नेमका कशामुळे प्राप्त होतो? १९४९ साली पायाभरणी होऊन १९५५ साली औपचारिक उद्घाटन झालेल्या या प्रबोधिनीत भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे छात्र तीन वर्षे एकत्र शिकतात, आणि भावी अधिकारी आज्ञा देण्याआधी ती पाळावयास शिकतो. या क्रमाला शिस्तीपलीकडचा अर्थ आहे, कारण थकवा, भीती आणि अपयश यांत स्वतःचे मन कसे वागते हे ज्याने पाहिले नाही, त्याला इतरांच्या मर्यादाही उमगत नाहीत.

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील ‘लोकसंग्रह’, म्हणजे समाजाची धारणा व्हावी म्हणून आसक्ती सोडून करावयाचे कर्म, ही संकल्पना येथे मार्गदर्शक ठरते. श्रेष्ठाच्या आचरणाचे इतर अनुकरण करतात, म्हणून त्याचे दोष त्याच्यापुरते उरत नाहीत. तथापि सेवेलाही अहंकार चिकटतो, आणि आपण त्याग करीत आहोत ही जाणीव सत्तेइतकीच मादक असते. म्हणूनच आत्मपरीक्षण, अर्थात कृतीमागील हेतूची स्वतःच केलेली निर्मम तपासणी, प्रशिक्षणाबरोबर संपत नाही. अधिकार वाढेल तसतशी ती अधिक कठोर व्हावी लागते.