दुरुस्तीची किंमत

बदलापूरहून सुटलेली लोकल अंबरनाथ सोडून उल्हासनगरला पोचेपर्यंत तुम्ही मोबाईलवर शेअर घेऊन मोकळे होता. त्या शेअरला राखणारा कायदा मात्र शंभर वर्षं घडतोय.

मुंबई प्रांताने रोखे व्यवहारांवर नियंत्रणाचा कायदा केला १९२५ मध्ये; १९५६ मध्ये केंद्राचा आला. १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आलं. सेबीला दंड ठोठावण्याचे अधिकार मिळाले १९९५ च्या दुरुस्तीने. २००१ मध्ये केतन पारेख प्रकरण झालं. २००२ मध्ये इनसायडर ट्रेडिंगच्या दंडाची मर्यादा ५ लाखांवरून २५ कोटींवर गेली.

आधी कुणीतरी बुडतं, मग कलम सुधारतं. बुडालेल्याला त्या कलमाचा उपयोग नसतो. उपयोग आपल्याला होतो. मग ‘हाव नडली त्यांना’ असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?