उन्हाची वाटणी



ऊन सर्वांचे, ह्यात वाद नाही. वाद सुरू होतो तो सूर्य मावळल्यावर.

वीज न पोहोचलेल्या गावात सामाईक सौर प्रकल्प उभा राहतो तेव्हा दिवसभराचे ऊन बॅटऱ्यांत साठते आणि रात्री तारांवाटे घरोघर जाते. साठा मोजकाच असतो. एका घरात शेगडी लागली की शेजारची अभ्यासाला बसलेली मुले अंधारात! मोठ्या वीजवाहिनीवर आपल्या वापराची झळ कुणाला बसते ते आपल्याला कधीच दिसत नाही. इथे ते लगेच दिसते.

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, माणसाने मालमत्ता बाळगावी. पण ती वापरताना ती सर्वांची आहे असे समजावे आणि गरजवंताला द्यायला तयार असावे. सेमिनरीत हे शिकताना आमच्या डोळ्यांसमोर धान्याची कोठारे असत, बॅटऱ्या नव्हत्या. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात अशा ऊर्जेच्या सहकारी संस्थांचा आवर्जून उल्लेख केला. वसईकरांना तर हे नवीन वाटू नये. बावखल अनेक कुटुंबांचे सामाईक असे आणि बागायतीला पाणी पाळीने घेतले जाई.

मग हे सारे इतके चांगले असताना बिहारमधील धरणई गावात काय बिनसले? सुमारे तीस वर्षे अंधारात असलेल्या ह्या गावात २०१४ साली ग्रीनपीस संस्थेच्या पुढाकाराने १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प झाला. साडेचारशेच्या आसपास घरांत दिवे लागले. परंतु टीव्ही, फ्रीज असली जास्त वीज खाणारी उपकरणे वापरू नका, अशी सूचना होती. त्या वेळी माजी मुख्यमंत्री असलेले नितीशकुमार गावात आले तेव्हा लोकांनी मागणी केली ती 'असली बिजली'ची! लवकरच सरकारी वीज आली, ती स्वस्तही होती. सौर प्रकल्प मागे पडत गेला आणि पुढे काही वर्षांनी त्या जागेत गुरे बांधली जाऊ लागली.

गावकरी कृतघ्न निघाले, असे म्हणणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. संयम हा सद्गुण खराच. पण शहरात एकेका घरात दोन दोन एसी चालत असताना पृथ्वी वाचवण्याचा संयम फक्त धरणईच्या माणसाने का पाळावा? त्याच्या बायकोने फ्रीजचे नावही काढू नये, हे कुणी ठरवले? सामाईक हिताचा नियम ज्यांनी पाळायचा, तो ठरवताना त्यांचा आवाज नसेल तर त्याला वाटणी म्हणता येत नाही. ते रेशन झाले. गरिबाला नेहमी रेशनच मिळते, हे आपण जाणतोच.

पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या दरेवाडीतही वीज नव्हती. तिथे २०१२ साली ग्रामऊर्जा ह्या कंपनीने ३९ घरांसाठी साडेनऊ किलोवॅटच्या आतलाच प्रकल्प उभारला. भांडवल बाहेरून आले, कारभार मात्र गावकऱ्यांच्या न्यासाकडे दिला गेला. घरोघर मीटर बसले. जो जितकी वीज जाळील त्याने तितके पैसे द्यायचे आणि त्यातूनच देखभालीची व पुढे बॅटऱ्या बदलण्याची तजवीज करायची. वाद तिथेही होत असतील, माणसे आहेत! पण तो वाद शेजाऱ्याशी, समोरासमोर बसून घालता येतो.

आता आपल्याकडच्या इमारतींवरही पॅनेल दिसू लागली आहेत. गच्ची सर्व सभासदांची. त्या विजेवर पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालतात. वाचलेल्या पैशांचे काय करायचे हा विषय सोसायटीच्या सभेत येईल, तेव्हा तळमजल्यावरचा भाडेकरू त्या सभेला नसेल. देखभालीचा खर्च त्याच्या भाड्यात मात्र धरलेला असतो. त्याच्या वतीने कोण बोलणार, हे सभेला जाण्याआधी आपापल्या घरी ठरवावे, ही विनंती.