साक्षी आणि प्रेक्षक

मनुष्यास झालेला आनंद दुसऱ्या कोणी पाहिला नाही, तर तो अपुरा राहतो काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु आजच्या सुशिक्षित कुटुंबात सकाळच्या चहापासून मुलाच्या मुंजीपर्यंत जे जे घडते, ते ते तत्काळ चार लोकांच्या दृष्टीस पडावे म्हणून जी धडपड चालते ती पाहिली, म्हणजे या प्रश्नाचा निकाल लावल्याखेरीज आपल्या नित्याच्या वागणुकीचे मर्म आपणांसच कळणार नाही असे वाटू लागते. प्रश्न तसा नवा नाही. आदिपुरुष एकटा होता, त्यास करमेना, म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली, असे बृहदारण्यकोपनिषदात सांगितले आहे. म्हणजे सोबतीची ओढ आपल्या प्राचीनांनी सृष्टीच्या मुळाशीच मानली. त्याच उपनिषदात ज्ञानी पुरुषाने टाकावयाच्या एषणांत लोकैषणाही गणली आहे. या शब्दाचा मूळ अर्थ काहीसा निराळा असला, तरी लोकांनी आपणांस वाखाणावे ही हाव, अशा अर्थी तो मराठीत रूढ झाला आहे. सोबतीची ओढ कोठे संपते आणि लोकैषणा कोठे सुरू होते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गेल्या हिवाळ्यात मी, पत्नी, महाविद्यालयात शिकणारी कन्या व नुकताच नोकरीस लागलेला चिरंजीव, असे आम्ही चौघे आठ दिवस अंदमानात होतो. तेथे या प्रश्नास आपोआप तोंड फुटले. चहूंकडे पाणी असले, म्हणजे आपण व जग यांमधील अंतर माणसाच्या डोळ्यांना दिसते, अशी आपली समजूत असते. परंतु तेही अंतर आता पूर्वीचे राहिलेले नाही. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईपासून अंदमान-निकोबारपर्यंत समुद्रतळाशी टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची केबल सुरू झाली, आणि उपग्रहाच्या मंद संदेशवहनावर विसंबलेली ही बेटे एकदम गजबजाटात आली. ज्या हॅवलॉक बेटास २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात, तेथेही ही केबल पोहोचली आहे.

या स्वराज द्वीपाचा राधानगर नावाचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. उंच वृक्षांची दाट राई थेट वाळूपर्यंत आलेली असून पुढे पांढरी शुभ्र वाळू व निळे पाणी. आपल्या घड्याळाप्रमाणे थंडीच्या दिवसांत तेथे सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो. पुण्यामुंबईकडच्या माणसाचा दुपारचा चहा जेमतेम उरकलेला असतो. त्या सायंकाळी किनाऱ्यावर शे-दीडशे मंडळी जमली होती, आणि त्यांतील बहुतेक सूर्याकडे पाठ करून उभी होती. सूर्यासह स्वतःची छबी टिपावयाची, तर तसे करणे भागच. बिंब पाण्यास टेकले, बुडाले, आणि त्यानंतर आकाशात जो तांबूस प्रकाश कितीतरी वेळ रेंगाळतो, त्या वेळी सर्वांच्या माना खाली होत्या. कोणते चित्र धाडावे याची निवड चालली होती.

या दृश्याचा उपहास करणे सोपे आहे, आणि आमच्या वयाच्या लोकांस ते प्रियही असते. मी काहीसे बोलताच कन्या म्हणाली, "बाबा, प्रवासाहून आलात की तुम्ही मासिकात लेख लिहिता, तो लोकांनी वाचावा म्हणूनच ना? मी फोटो टाकते, तुम्ही लेख टाकता. माझ्या मैत्रिणी लगेच उत्तर देतात, एवढाच फरक." हा युक्तिवाद हसून उडवून लावण्याजोगा नाही.

किंबहुना त्याच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आम्ही दोनच दिवसांपूर्वी पोर्ट ब्लेअर येथे पाहिला होता. (या शहराचे नाव २०२४ मध्ये श्रीविजयपुरम् असे झाले.) तेथील सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे त्यास सात शाखा होत्या. त्यांतील तीन आज शिल्लक आहेत. प्रत्येक बंदिवानास वेगळी कोठडी, आणि एका शाखेचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. हेतू हा, की एका कैद्यास दुसऱ्याचा चेहरादेखील दिसू नये. ज्यांनी ही रचना केली त्यांस मनुष्यस्वभाव पक्का ठाऊक होता. सावरकर १९११ ते १९२१ पर्यंत तेथे होते. लेखनसाहित्य हाती नसता कोठडीच्या भिंतींवर ओळी लिहाव्या, त्या मुखोद्गत कराव्या, अशा रीतीने त्यांनी 'कमला' हे काव्य रचले. ज्या भिंतीवरचे अक्षर दुसऱ्या दिवशी पुसले जाण्याचा संभव, तिच्यावर लिहिणाराही कोणातरी वाचकास उद्देशूनच लिहीत असतो. तेव्हा आपले सुखदुःख दुसऱ्यास कळावे ही इच्छा दुर्गुण खास नव्हे. ती हिरावून घेणे ही एक शिक्षा आहे, आणि शिक्षा म्हणूनच ती योजिली गेली होती.

मग खटकते ते काय? मला वाटते, साक्षी आणि प्रेक्षक हे दोन निराळे आहेत हे आपण विसरतो. मुंडकोपनिषदात एका वृक्षावरील दोन पक्ष्यांचे रूपक आहे: एक फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. इकडे १७५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात अॅडम स्मिथ याने प्रत्येकाच्या अंतःकरणात एक निःपक्षपाती पाहणारा कल्पिला, आणि स्तुतीची आवड व स्तुतीस पात्र होण्याची आवड यांत स्पष्ट भेद केला. उपनिषत्काराची दृष्टी अध्यात्माची, स्मिथची व्यवहारनीतीची. दोहोंची गल्लत करू नये. परंतु पाहणाऱ्याचे काम टाळ्या वाजविणे हे नव्हे, इतके दोघांच्याही विवेचनातून निघते. घरातील वडील माणूस, जुना मित्र, पत्नी, हे आपले बाहेरचे साक्षी. त्यांस आपला पूर्वेतिहास माहीत असतो. "हे तुला शोभले नाही" असे म्हणण्याचा त्यांस अधिकार असतो. प्रेक्षकास असा अधिकार नाही आणि तशी जबाबदारीही नाही. त्याची फक्त गणती होते. फेसबुकने २००९ मध्ये 'लाईक'चे बटण आणले, त्या दिवसापासून ही गणती आकड्यांत दिसू लागली. आणि जे मोजता येते ते वाढवावे, असा मनुष्याचा स्वभावच आहे. साक्षी मात्र वाढविता येत नाहीत. ते आयुष्यात चार-पाचच मिळतात, आणि सहलीस गेलेल्या कुटुंबात ते आपल्या शेजारीच उभे असतात.

लेख आणि चित्र यांतील फरकाविषयी कन्येस मी जे सांगितले तेही येथे नमूद करतो. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आत राहून अनुभवला. तो वृत्तान्त त्यांनी लिहिला सुमारे पंचवीस वर्षांनंतर, आणि चिंतामणराव वैद्यांनी तो 'माझा प्रवास' या नावाने छापला १९०७ साली. आपण सर्वांनीच पंचवीस वर्षे थांबावे असे मी म्हणत नाही. परंतु अनुभव व कथन यांमध्ये थोडा अवधी गेला, म्हणजे अनुभव मनात मुरतो. त्यातले काय आपले व काय उसने हे निवडता येते. कथनाची घाई अनुभवाच्याही पुढे धावू लागली, की काय सांगता येईल यावरूनच काय पाहावयाचे ते ठरू लागते.

हा केवळ स्वतःच्या मनाच्या स्वास्थ्याचा प्रश्न असता, तर त्यास नीतीचा प्रश्न म्हणण्याचे कारण नव्हते. परंतु जगाकडे प्रदर्शन म्हणून पाहण्याची सवय जडली, की तीत दुसरी माणसेही ओढली जातात. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा या आदिम जमातीच्या राखीव अरण्यातून जातो. गाड्या तांड्याने व पहाऱ्यात नेतात. वाटेत थांबणे व जारवांची छायाचित्रे काढणे मना आहे. तरीही जारवा स्त्रियांस खाण्याचे आमिष दाखवून प्रवाशांपुढे नाचावयास लावल्याची चित्रफीत २०१२ च्या आरंभी प्रसिद्ध झाली, आणि देशभर संताप उसळला. चिरंजीवास त्या गुहा पाहावयाच्या होत्या. आश्चर्य हे, की विरोध केला तो जिच्या हातून फोन सुटत नाही त्या कन्येने. ती म्हणाली, "दादा, नाव गुहांचं असलं तरी गाडीतले सगळे खिडकीबाहेरच बघत बसणार. त्या माणसांनी आपल्याला बोलावलंय का? न विचारता कोणी आपला फोटो टाकला की कसं वाटतं, ते मला माहीत आहे." आम्ही गेलो नाही.

तिच्या या बोलण्याने माझा एक समज ढळला. अनोळखी डोळ्यांचा भार काय असतो हे तिच्या पिढीस आमच्याहून अधिक कळते. कारण तो तिने सोसला आहे. आणि हा न्याय केवळ दूरच्या वनवासी लोकांपुरता नाही. रुग्णालयातील खाटेवरच्या आजीचे, न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाचे, परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या रडवेल्या चेहऱ्याचे चित्र घरातलेच माणूस कौतुकाने दहा गटांत धाडते, तेव्हा त्या आजीस वा बाळास कोणी विचारलेले नसते. ज्याचा आपण साक्षी व्हावयाचे, त्याचाच आपण तमाशा मांडतो. घराच्या प्रेमावर याहून मोठा आघात मला तरी दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. परतण्याच्या आदल्या रात्री, अमावास्या जवळ असता, कांदळवनाच्या कडेने आम्ही अरुंद होड्यांतून गेलो. वल्हे पाण्यात पडताच निळसर प्रकाश उमटे व विझे. पाण्यातील एकपेशीय सूक्ष्म जीव हालचालीने चेतवले जातात, त्यांचा तो प्रकाश. कन्येच्या फोनवर काळोखाखेरीज काही उमटेना. तिने तो खिशात ठेवून दिला व हात पाण्यात सोडला. तेव्हा पत्नी म्हणाली, की लहानपणी कोकणात तिच्या वडिलांनी तिला रात्री खाडीवर नेऊन असेच पेटलेले पाणी दाखविले होते. मुले म्हणाली, "आई, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" त्यावर ती म्हणाली, "सांगायचं राहून गेलं. पण म्हणून ते कमी झालं नव्हतं."

तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत मला याहून नेमके उत्तर सापडलेले नाही. आनंद स्वतःपुरता पुरा असतो. साक्षी मिळाला तर तो दोघांचा होतो. प्रेक्षकांपुढे मांडला, तर त्याची किंमत मात्र त्यांच्या हाती जाते. म्हणून फोन समुद्रात फेकून द्यावा, असा उपदेश मी करणार नाही. दूरदेशी असलेल्या मुलास आईचा चेहरा त्याच फोनवर दिसतो. काही दाखविण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावे, इतकेच माझे म्हणणे आहे. हे कोणासही दाखविता आले नसते तरी मी केले असते काय? आणि यात ज्याचा चेहरा आहे, त्यास मी विचारले आहे काय? पहिल्याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्याशीच द्यावयाचे आहे. दुसऱ्याचे मात्र शेजारी बसलेल्या माणसाकडून मिळवावे लागते, आणि त्यासाठी मान वर करून त्याच्याकडे पाहावे लागते.